गिझरची तिवई

लातूरच्या आमच्या घराची पुढची खोली आम्ही शिकायला आलेल्या मुलींना द्यायला लागलो, तेव्हा मला वाटलं होतं की खरा त्रास स्वयंपाकाचा होईल. तो झाला नाही. भाकरी, वरण, भाजी, जे वाढीन ते मुली मुकाट्याने खायच्या. त्रास झाला तो आंघोळीच्या पाण्याचा.

त्या वर्षांत निकालांमुळे लातूरचं नाव सगळ्या मराठवाड्यात झालं होतं. जून लागला की ट्रंका, गाद्या आणि लेकरं घेऊन आईबाप स्टँडवर उतरायचे आणि गल्लोगल्ली खोली विचारत हिंडायचे. आमच्याकडे तीन मुली आल्या. एक देगलूरची, एक अर्धापूरची आणि एक थेट इस्लापूरची. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणायची, मुलींची नावं काही केल्या लक्षात राहत नसत. त्या गावाच्या नावानेच हाक मारायच्या. "ए देगलूर, तुझी ओढणी वाळली, काढ." "इस्लापूर, झोपली का गं?" मुलीही आनंदाने ओ द्यायच्या.

क्लास पहाटे उजाडायच्या आधीच भरायचा. न्हाणी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, वर पत्रा. पाणी तापवायला तांब्याचा बंब होता आणि जळणाला तुराट्या. अंधारात उठून आत्या बंब पेटवायच्या. त्यांचे गुडघे दुखत होते, पण मला हात लावू देत नसत. तिघी मुली टॉवेल खांद्यावर टाकून, हातात पुस्तक धरून धुरात उभ्या. पहिलीला कढत पाणी मिळे, दुसरीला कोमट आणि तिसरी थंड पाण्याने आंघोळ करून दात वाजवत सायकलवर बसे. तिसरी कोण, यावरून रोज भांडण व्हायचं. एकदा तर देगलूरची मुलगी आंघोळ न करताच गेली आणि दिवसभर आत्यांनी तिला देवाजवळ फिरकू दिलं नाही.

म्हणून त्या दिवाळीत भाऊबीजेला नांदेडला माहेरी गेले, तेव्हा हे सगळं दादापुढे बोलून बसले. माझ्या भावाचं नांदेडात विजेच्या सामानाचं लहानसं दुकान होतं. मी ओवाळलं, त्याने ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "तुझी ओवाळणी या ताटात मावत न्हाई. दुकानातून घेऊन जा." ती ओवाळणी म्हणजे नवाकोरा गिझर होता.

तो मी एसटीने घेऊन आले. दादाने खोक्याला सुतळी बांधून दिली आणि वरून आईची जुनी गोधडी गुंडाळली. कंडक्टरने विचारलं, "बाई, काय हाय ह्याच्यात?" मी म्हटलं, "गिझर." त्याने खोक्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "मांडीवर घ्या मग. वर टाकलं तर माझी जबाबदारी न्हाई." मी मांडीवर घेतलं. लोह्याला एक म्हातारी चढली. शेजारी बसली, गोधडीखाली हात घालून बघितला, खोक्याच्या फटीतून गोल लोखंड लागलं तशी उठून मागच्या सीटवर गेली. तिथून तिने दुसऱ्या बाईला हळूच सांगितलेलं मी ऐकलं, "शिलिंडर घेऊन बसलीया." मग अहमदपूरपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. अहमदपूरला बसलेल्या एका गृहस्थाने मात्र निवांतपणे सीताफळांची पिशवी माझ्या खोक्यावर ठेवली आणि डुलकी काढली. लातूर येईपर्यंत निम्मी सीताफळं फुटली होती आणि गोधडीतून गोड रस खोक्यात उतरला होता. घरी आले तेव्हा आमच्या ह्यांनी खोकं उचललं आणि म्हणाले, "हे चिकट का आहे?" दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग अंगणापासून गिझरपर्यंत लागली होती.

पण मुंग्या ही किरकोळ गोष्ट होती. आत्यांनी खोकं बघितलं, आतली वस्तू बघितली, आणि विचारलं, "हे ठेवायचं कुठं?"

"न्हाणीच्या भिंतीवर," मी म्हटलं.

"भिंतीवर न्हाई," एवढं बोलून त्या ज्वारी निवडायला बसल्या.

हे मला आधीच सुचायला पाहिजे होतं. आत्यांचं माहेर औशाच्या पुढे. भूकंपात त्यांच्या भावाचं घर पडलं. दगडामातीच्या जाड भिंती, एका दमात खाली आल्या. भाऊ, भावजय आणि लेकरं पुढच्या छपरात निजली होती म्हणून वाचली, पण शेजारच्या घरातलं फार कोणी वाचलं नाही. आत्या दुसऱ्या दिवशी तिकडे गेल्या आणि परत आल्या त्या बोलेचनात. मग एका सकाळी त्यांनी स्टूल घेतलं आणि आमच्या घरातल्या भिंतीवरचं एकेक खाली उतरवलं. घड्याळ, आरसा, फळीवरचे डबे, देवांच्या तसबिरी. आमचं घर विटांचं, शहरातलं, त्याला साधी चीरही गेली नव्हती. पण त्यांचं म्हणणं एकच होतं. "माणसाच्या डोक्यावर काही असू न्हाई." न्हाणीच्या पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगडसुद्धा त्यांनी काढायला लावले आणि हुक मारून घेतले. पाण्याची टाकीदेखील अंगणाच्या कोपऱ्यात विटांच्या ओट्यावर होती, घरावर नव्हती. इतकी वर्षं झाली तरी आमच्या भिंती तशाच कोऱ्या होत्या. आणि मी पाण्याने भरलेलं लोखंडी पिंप आंघोळ करणाऱ्या पोरींच्या डोक्यावर टांगायचं म्हणत होते.

आमचे हे धान्याच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम होते. आई आणि बायको यांच्या मधे पडायचं नाही हे ते लग्नाच्या आठवड्यातच शिकले होते. ते म्हणाले, "मिस्त्रीचाचाला बोलवू. ते काय म्हणतील ते खरं."

मिस्त्रीचाचा आमच्याच गल्लीत मशिदीकडच्या टोकाला राहायचे. नळाचं, विजेचं, गवंड्याचं, कुठलंही काम असो, ते नाही म्हणत नसत, आणि त्यामुळे कुठलंच काम त्यांच्या हातून एका फेरीत होत नसे. पण माणूस इतका गोड की लोक दुसऱ्या फेरीलाही त्यांनाच बोलवायचे. आत्यांची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांनी आत्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, न्हाणीच्या भिंतीवर तळहाताने दोनचार थापा मारल्या आणि म्हणाले, "आक्का, फिकीर नक्को करू. पक्की दीवार हाय. हत्ती टांगला तरी हलायचा न्हाई."

"मला हत्ती टांगायचा न्हाई."

"एक बोल्ट मारून दाखवतो. तुमीच वडून बघा. हलला तर मी गिझर माझ्या घरी घेऊन जातो."

आत्यांना ही पैज पटली. त्या स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापायला बसल्या, म्हणजे राग आलेला दिसायला नको आणि कानही तिकडेच राहावा. चाचांनी न्हाणीत छिन्नी लावली आणि हातोडा मारायला सुरुवात केली. मी अंगणात उभी होते. ठक ठक ठक असा आवाज चालला होता, तो मधेच थांबला आणि चाचांचं "अरे" ऐकू आलं. लगेच भिंतीपलीकडून आत्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"मिस्त्री, तुझी छिन्नी माझ्या परातीत पडली."

मी आत धावले. भिंतीला हाताची मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. विटेचा चुरा पिठात, तव्यावर, आत्यांच्या केसांत. भोकातून पलीकडे चाचांचा एक डोळा आणि अर्धी दाढी दिसत होती.

"आक्का, लागलं तर न्हाई ना?"

"मला न्हाई लागलं. भाकरीला लागलं," आत्या म्हणाल्या. "हत्ती कुठंय?"

चाचांनी तो एक डोळा परातीतल्या छिन्नीकडे वळवला. मग भोकातून हसायला लागले आणि आत्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी त्यांना भिंतीच्या बाबतीत हसताना त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला सगळ्यांना पोहे केले.

पैजेप्रमाणे गिझर चाचांच्या घरी जायला हवा होता. पण संध्याकाळी आत्या स्वतःच माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "अगं, माठाला तिवई असते. याला का नसावी? भुईवर उभं राहू दे की."

खरं सांगते, मला हे पटलं नव्हतं. पण इस्लापूरच्या मुलीला लगेच पटलं. ती म्हणाली, "आमच्या मळ्यात डिझेलचा डबा असाच लोखंडी घोड्यावर ठेवून राहिले ना काकू, किती वर्षं झाली, पडला नाही."

दुसऱ्या दिवशी चाचांच्या ओळखीचा वेल्डिंगवाला आला. माप आत्यांनी दिलं. उंची कमरेएवढी, त्याहून जास्त नको. मागे दोन उभे गज, त्यांना गिझर आवळायचा. आणि बैठक रुंद. वेल्डिंगवाल्याने हात पसरून विचारलं, "एवढी?" आत्या म्हणाल्या, "आनखीन." त्याने आणखी पसरले. "आनखीन. म्हैस बसल्यासारखी बसली पाहिजे." दुकानात जाऊन त्याने म्हशीच्या हिशोबानेच तिवई केली. म्हणायला तिवई, पण पाय चार, आणि असे फाकलेले की बघून वाटावं, हिला आता कोणी उठवू शकणार नाही.

ती हातगाड्यावरून आली तेव्हा गल्लीतले लोक बघायला बाहेर आले. कोणी विचारलं, "झोपाळा हाय का?" ती न्हाणीच्या दारापाशी नेली आणि तिथे सगळं थांबलं. दार अरुंद, तिवई रुंद. आडवी केली, उभी केली, आधी पाय घालून बघितले, आधी गज घालून बघितले. चाचा म्हणाले, पत्र्याचं दार काढू. दार काढलं. तरी हाताचा पंजा मावेल एवढं अडतच होतं. वेल्डिंगवाला म्हणाला, "एक पाय कापून आत जोडतो." आत्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विडी पेटवली आणि तो विषय सोडला.

शेवटी वरून आत सोडायचं ठरलं. आत्यांनी पत्र्याला मारून घेतलेले हुक इतके गंजले होते की ते काढता काढता चाचांचे दोन पाने मोडले. दुपार टळली. क्लासहून मुली आल्या, त्यांनी पुस्तकं फेकली आणि ओढण्या कमरेला खोचल्या. हेही मोंढ्यातून लवकर आले. पत्रा सरकवला, भिंतीवर चाचा आणि वेल्डिंगवाला चढले, खालून आम्ही सगळ्यांनी तिवई उचलून दिली. अर्धापूरची मुलगी अंगाने दणकट, तिच्याकडचा पाय सगळ्यात वर होता. "आमच्याकडं केळीचे घड असेच गाडीत चढवतात," ती म्हणाली. दोराने तिवई आत उतरली आणि चारी पाय फरशीवर टेकले. आत्या आत गेल्या, दोन्ही हातांनी धरून तिला हलवून बघितलं. ती हलली नाही. आत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आता बसवा."

न्हाणीत आता माणसाला जागा कमी उरली होती. आंघोळ करायची तर तिवईच्या दोन पायांमधे पाट ठेवून बसावं लागे. पण गिझर बसला, नळ जोडले, बटण दाबलं, लाल दिवा लागला. पत्राही बसला. दार एका बिजागरीवर लटकवून चाचा म्हणाले, "उद्या पक्कं करतो." भिंतीतलं भोक मात्र त्यांनी त्याच दिवशी बुजवलं, कारण आत्या तिथेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला मान देगलूरच्या मुलीला मिळाला. तिने लाल खुणेचा नळ सोडला. गार पाणी. थांबली, पुन्हा सोडला. गारच. मग तिने वैतागून निळा सोडला आणि पाय त्याच्या खाली धरला. "अय्यय्यो" असं ती जे ओरडली, ते शेजारच्या घरापर्यंत गेलं. पाय नुसता लालसर झाला होता, तेवढ्यावर भागलं. चाचांनी नळ्या उलट्या जोडल्या होत्या. आम्ही सगळे दारापाशी जमलो, तर ती आतून म्हणाली, "काकू, कुणी येऊ नका, आता छान यायलंय पाणी." आणि ती इतका वेळ बाहेर आली नाही की अर्धापूरच्या मुलीने दारावर, लटकत्या दारावर, जपून थाप मारली.

अर्धापूरची झाली. शेवटी इस्लापूरची आत गेली. रोज थंड पाण्याची पाळी बहुतेक तिच्यावरच यायची, म्हणून ती गुणगुणत गेली. आत्या ओसरीवर माळ घेऊन बसल्या होत्या. नगरपालिकेचं पाणी बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं आणि टाकी तळाला गेली होती, हे घाईत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नळातून पाणी आणि हवा एकदम यायला लागली. आधी गुरगुर झाली, मग नळ्या थडथडायला लागल्या, नळ्यांबरोबर तिवई आणि वर सैल बसवलेला पत्रा. तो आवाज मी अजून विसरले नाही. जमिनीच्या पोटातून आल्यासारखा वाटत होता.

आत्या माळ टाकून उठल्या. "बाहेर व्हा, सगळे अंगणात व्हा," त्या ओरडल्या. गुडघे दुखणारी बाई कशी धावली कोण जाणे. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ढकललं, ह्यांना अंथरुणातून ओढलं. हे चादरीसकट अंगणात. शेजारीपाजारी दारं उघडून बाहेर आले, कोणी लेकरू काखेत घेऊन, कोणी दात घासता घासता. कोणी काही विचारलं नाही. लातुरात त्या आवाजाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

आत्या मोजायला लागल्या. "अर्धापूर?" "हाव." "देगलूर?" "इथंय." "इस्लापूर?"

इस्लापूर नव्हती. आत्या वळल्या आणि तशाच न्हाणीकडे गेल्या, त्या थडथडणाऱ्या पत्र्याखाली. मी त्यांच्यामागे पळाले. त्यांनी दाराची कडी धरून सगळ्या ताकदीने ओढलं आणि दार बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. आत, तिवईच्या पायांत पाटावर, तोंडाला साबण लावून इस्लापूरची मुलगी बसली होती. तिला डोळे उघडता येत नव्हते. ती म्हणाली, "कोण आहे? काकू, पाणी का थांबून राहिलं?"

मी नळ बंद केला आणि थडथड थांबली. अंगणात एकदम शांत झालं. आत्या दार तसंच पुढे धरून उभ्या होत्या, आडोशासारखं. मी त्यांच्या हातातून दार घेतलं नाही, कारण मुलीने टॉवेल गुंडाळेपर्यंत ते लागणारच होतं. मग ह्यांनी बाहेरून विचारलं, "आई, भूकंप हाय का न्हाई? चादर पांघरू का?"

आत्यांना आधी हुंदका आला आणि मग हसू आलं. दोन्ही एकदम. त्या दारासकट खाली बसल्या आणि हसत राहिल्या. शेजारणी आत आल्या, काय झालं ते कळलं, मग सगळी गल्ली आमच्या अंगणात चहा प्यायली. त्या दिवशी तिघींचा क्लास बुडाला आणि आत्यांनी इस्लापूरच्या मुलीला स्वतःच्या हाताने, चुलीवर तापवलेल्या पाण्याने आंघोळ घातली. केस धुता धुता त्या तिला माहेरच्या त्या रात्रीबद्दल सांगत होत्या. मी इतकी वर्षं सून होते, पण त्यांच्या तोंडून ते सगळं मी त्या सकाळी प्रथम ऐकलं. मुलगी फक्त "हो का आजी, मग?" म्हणत होती.

दुपारी चाचा आले. त्यांनी नळ्या भिंतीला घट्ट आवळल्या, तिवईच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे दिले आणि दाराला दोन्ही बिजागऱ्या लावल्या. भिंतीत बसवलेले उलटे नळ सुलटे करायला मात्र भिंत पुन्हा फोडावी लागेल म्हणाले. आत्या म्हणाल्या, "राहू दे." देगलूरच्या मुलीने नेलपॉलिश आणलं आणि निळी खूण लाल करून टाकली. लाल खुणेवर मात्र निळं काही मिळालं नाही, म्हणून पुढे कित्येक वर्षं आमच्या न्हाणीत दोन्ही नळ लालच होते. नव्या मुली आल्या की जुन्यांनी त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगायचं, अशी रीतच पडली.

थंडी सरत आली तशी एकदा अर्धापूरच्या मुलीचे वडील केळीच्या ट्रकबरोबर पहाटेच आले. रात्रभर जागलेले, अंगावर धूळ, डोक्यावर मफलर. दारात उभे राहून लेकीला बघत होते, आत यायला संकोचत होते. आत्यांनी त्यांना ओसरीवर बसवलं, गूळपाणी दिलं आणि म्हणाल्या, "पावणं, आधी आंघोळ करून घ्या. आमच्याकडं यंत्र हाय." मग त्यांना न्हाणीपर्यंत घेऊन गेल्या, कुठला नळ सोडायचा ते दाखवलं आणि दार लावून घ्या म्हणाल्या.

ते बाहेर आले तेव्हा तोंड धुऊन लाल झालेलं, केस विंचरलेले. चहा घेताना म्हणाले, "मामी, लई बरं वाटलं. पण त्या तिवईत बसून जरा अवघडच जातंय बघा."

"सवय होईल हळूहळू," आत्या म्हणाल्या, आणि त्यांना आणखी एक कप चहा ओतला.